कपभर अस्सल चॉकलेट

रायपूरच्या भनपुरीतील कारखान्यांतून पौषाच्या पहाटे घरी परतणाऱ्यास ऊन चॉकलेटचा पेला द्यावा. मात्र चॉकलेट अस्सल हवे. कोकोच्या पुडीतून बरेचसे लोणी काढलेले असते आणि दाटपणा तर त्या लोण्यानेच येतो. म्हणून वेष्टनावर ‘कोको बटर’ आहे ना, हे पाहावे. छत्तीसगडच्या वनांत वेचलेल्या सालबियांचे तेलही चॉकलेटात वापरतात. त्यात वावगे काही नाही. परंतु ग्राहकास ते कळले पाहिजे.

दोन कप दुधास ८० ग्रॅम चॉकलेट किसावे. थोड्या कढत दुधात ते विरघळवून उरलेले दूध घालावे. मंद आचेवर रवीने घुसळावे. उकळू देऊ नये. साखर चव पाहूनच घालावी. मोजक्या पैशांत आणलेला जिन्नस वाचून घेणे, हेच घरचे शहाणपण.