पुरावा स्वतःच्याच मताविरुद्ध गेला तेव्हा...

जोडीतली एक चप्पल पुण्यात आणि दुसरी नागपुरात खोक्यात बंद आहे, असे समजा. पुण्याचे खोके उघडून उजवी चप्पल दिसली, की नागपुरात डावी आहे हे लगेच कळते. यात नवल नाही. ते आधीच ठरलेले होते.

फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण. त्यांच्या जोडीचेही असेच असावे, असे आइन्स्टाईन यांचे मत होते. क्वांटम सिद्धांत मात्र सांगतो की मोजेपर्यंत काहीच ठरलेले नसते. तरीही दोघांची उत्तरे जुळतात. या गुंतलेपणालाच एन्टँगलमेंट म्हणतात. खरे कोण? १९६४ मध्ये जॉन बेल यांनी गणिताने दाखवले की सारे आधीच ठरलेले असेल आणि एका ठिकाणच्या मोजणीचा दूरच्या कणावर तत्काळ परिणाम होत नसेल, तर ही जुळणी एका मर्यादेपुढे जाणार नाही.

ही मर्यादा तपासायचे अमेरिकेतील तरुण शास्त्रज्ञ जॉन क्लाउझर यांनी ठरवले. तेव्हा हा विषय म्हणजे वेळेचा अपव्यय समजला जाई. करिअर बुडेल, असे त्यांना बजावले गेले. तरी बर्कले येथे विद्यार्थी स्टुअर्ट फ्रीडमन यांच्यासोबत, पडून असलेले सुटे भाग जमवून त्यांनी उपकरण उभे केले. कॅल्शियमच्या अणूंतून निघणारे फोटॉन दोन दिशांना पाठवून मोजले.

क्लाउझर यांना आइन्स्टाईन बरोबर ठरावेत असे वाटत होते. १९७२ चा निकाल उलटा आला: मर्यादा ओलांडली गेली. त्यांनी तो जसा आला तसा जाहीर केला. प्राध्यापकाची कायम नोकरी त्यांना मिळाली नाही. पन्नास वर्षांनी, २०२२ मध्ये, अॅलन अॅस्पे आणि अँटन झाइलिंगर यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

गोष्ट इथेच संपवली तर ती व्यक्तिपूजा होईल. २०२३ मध्ये याच क्लाउझर यांनी हवामान संकट अस्तित्वातच नाही, असे जाहीरपणे म्हटले. जगभरातील हवामानशास्त्रज्ञांनी जमवलेला पुरावा याच्या विरुद्ध आहे. नोबेल मिळाले म्हणून हे विधान खरे ठरत नाही, आणि हे विधान चुकले म्हणून १९७२ चा प्रयोग खोटा ठरत नाही.

म्हणून मित्रांनो, "मोठ्या शास्त्रज्ञाने सांगितले आहे" असा मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा: पुरावा काय आहे? आणि तो आपल्याच मताविरुद्ध गेला, तर स्वीकारायची तयारी आहे का?