देवक म्हणजे वऱ्हाडी ‘कामोन’?
जपानी घराण्यांच्या ‘कामोन’ चिन्हांशी अमरावती-अकोल्याकडच्या देवकाची तुलना करण्याचा मोह होतो, आणि वरवर ती जुळतेही. तिकडे तोकुगावा घराण्याची तीन पाने, सम्राटाची सोळा पाकळ्यांची शेवंती. इकडे कुणाचे देवक पंचपल्लव, कुणाचे कळंब, मोऱ्यांचे मोरपीस. पण कामोन चारचौघांना दिसावे म्हणूनच असते. हेइआन काळातल्या उमरावांनी ते आपल्या बैलगाड्यांवर (हो, बैलगाड्यांवरच) रंगवले. पुढे ते निशाणांवर आणि किमोनोवर आले. देवक असे मिरवत नाही. लग्नात खरी डहाळीच आणून बसवतात, पूजतात आणि कार्य उरकले की विसर्जित करतात. दरवेळी झाडच हाताशी असल्यावर त्याचे ठरीव चित्र कशाला घडेल?

कुळाची ओळख दोन्हींत आहेच की, असे कुणी म्हणेल. आहे, पण देवक त्या ओळखीतून सोयरीक ठरवते. एका देवकाच्या घरांत लग्न होत नाही, ही जुनी रीत. कामोनमुळे लग्नावर असा निर्बंध येत नाही. शिवाय देवकाचे झाड तोडू-जाळू नये, हा दंडक तर नातलगाला द्यावा तसा मान आहे. आणि मिरवण्याचे म्हणाल, तर वऱ्हाडातल्या लग्नपत्रिकेवर आजही गणपती छापतात, देवक नाही.