दीड किलोचा जीव, २४ इंची क्रेट

हत्तीच्या मूत्राशयात १८ लिटर मूत्र मावतं. तरीही ते रिकामं करायला हत्तीला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच सोसायटीतल्या लॅब्रॅडॉरलाही लागतो. सरासरी २१ सेकंद. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं आणि पुढच्याच वर्षी त्यांना त्याबद्दल इग नोबेल मिळालं. प्राणी जितका मोठा तितकी त्याची मूत्रनलिका लांब आणि रुंद. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाची मदतही जास्त आणि साठा कितीही असला तरी वेळ साधारण तेवढाच. या नियमाला अट एकच, प्राणी तीन किलोंहून जड हवा.

दोन महिन्यांचं शित्झूचं किंवा पॉमचं पिल्लू एक-दीड किलोचं. ते या नियमात बसत नाही. आपण ‘अरे, अरे’ करत सोफ्यावरून उठेपर्यंत त्याचं उरकलेलं असतं आणि फरशीवर बशीएवढं थारोळं उरतं. दिवसातून आठ-दहा वेळा हे झालं की घरातलं कुणीतरी ट्रेनरला फोन लावतं. ट्रेनर सांगतो, क्रेट आणा. जाळीचा, घडी होणारा, २४ इंची. तो घरात आला की आजी विचारतात, ‘एवढ्याशा जिवाला पिंजऱ्यात कशाला कोंडताय?’

आजींचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. प्रवासासारखे मोजके अपवाद तेवढे चालतात. आपल्याकडेही प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातलं ११ वं कलम सांगतं की, प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र पिल्लू घरी यायच्या आधी क्रेट येतो. त्याच्या समर्थनार्थ तिथून एक वाक्य जगभर गेलं आणि आपल्या ट्रेनर मंडळींच्याही तोंडी बसलं: कुत्रा मुळात गुहेत राहणारा प्राणी आहे, त्याला बंदिस्त जागा आवडतेच.

हे वाक्य अर्धवट आहे. लांडग्याची मादी बीळ वापरते ते विण्यापुरतं. पिल्लं आठ-दहा आठवड्यांची झाली की बीळ सुटतं आणि मोठे लांडगे उघड्यावरच झोपतात. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचंही तेच. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट गावठी कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांच्या २०१६ मधल्या निष्कर्षानुसार कुत्री विण्यासाठी जागा शोधते ती माणसांच्या वस्तीलगत. म्हणजे आडोसा तिलाही हवा असतो, पण बाळंतपणापुरता आणि माणसांपासून फार लांब नको असलेला. गंमत अशी की बीळ सोडायचं जे वय, त्याच वयात पिल्लू आपल्याकडे येतं. कुत्र्यांच्या विक्रीबाबतच्या आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. तेव्हा क्रेट उपयोगी पडतो, पण त्याचं कारण गुहेच्या आठवणीत शोधण्यात अर्थ नाही.

कारण वेगळं आहे आणि ते आईच्या जिभेपासून सुरू होतं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला आपणहून सू-शी करता येत नाही. आई त्याच्या पोटाखालचा भाग चाटते तेव्हाच ते होतं आणि तीच ते चाटून साफ करते. साधारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लाला ते स्वतः जमू लागतं आणि लगोलग ते झोपायची जागा सोडून, लटपटत का होईना, बाजूला जाऊन उरकू लागतं. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांची वाढ वर्षानुवर्षं टिपली. १९६५ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथात हा क्रम नोंदलेला आहे: आधी नुसतं बाजूला जाणं, मग आठ-नऊ आठवड्यांच्या सुमाराला ठरावीक जागा धरणं. झोपतो तिथे घाण करायची नाही, ही ओढ पिल्लू घेऊनच येतं. क्रेट तेवढ्याच ओढीचा फायदा घेतो.

म्हणून क्रेटचं माप महत्त्वाचं. पिल्लाला उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून आडवं होता यावं, एवढंच. त्याहून प्रशस्त असेल तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात उरकतं. २४ इंची क्रेट पूर्ण वाढलेल्या शित्झूला पुरतो, पण दोन महिन्यांच्या पिल्लाला तो बंगला होतो. मधली जाळी सरकवून निम्मी जागा बंद करायची आणि ते वाढेल तशी मोकळी करायची. ज्या पिल्लाचे पहिले महिने दलालाच्या कोंदट पिंजऱ्यात गेले, जिथे झोपायचं तिथेच घाण करण्यावाचून ज्याला गत्यंतर नव्हतं, त्याची ही ओढ मोडून गेलेली असते. अशा पिल्लाला क्रेटमध्ये ठेवून शिस्त लागत नाही, ते फक्त ओलं होतं. स्वस्तातलं पिल्लू महाग पडतं ते इथे.

आता लहानपणाचा हिशेब. शरीर लहान झालं की मूत्राशय त्याच प्रमाणात लहान होतं, पण शरीराची भट्टी तेवढी मंदावत नाही. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लहान प्राण्याचा चयापचय वजनाच्या मानाने जास्त वेगाने चालतो. दर किलोमागे अन्न जास्त, पाणी जास्त, मूत्रही जास्त. टाकी लहान आणि नळ मोठा, अशी ही रचना. त्यात पिल्लाच्या मूत्रपिंडांना मूत्र दाट करण्याची कला अजून पुरती साधलेली नसते. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास ते धरू शकतं, असा ठोकताळा सांगितला जातो. लॅब्रॅडॉरच्या पिल्लासाठी तो ठीक. दीड किलोच्या जिवाला दिवसा तो निम्म्यावर आणावा, हे माझं मत. रात्री झोपेत सगळंच मंदावतं, त्यामुळे थोडी जास्त सवलत मिळते. तरीही पहिले काही आठवडे मध्यरात्रीचा एक गजर चुकत नाही.

लहान जातीत आणखी एक धोका असतो आणि त्याबद्दल पेट शॉपमध्ये सहसा कुणी बोलत नाही. या पिल्लांच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा, अंगावर चरबी आणि स्नायूही नाममात्र. बराच वेळ पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, थरथरतं. वेळेवर लक्ष गेलं नाही तर झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा. म्हणून चिवावा, टॉय पॉम यांसारख्या जातींच्या पिल्लांना दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला देतात आणि रात्रीचं शेवटचं जेवण उशिरा ठेवतात. ‘रात्री काही दिलं नाही की क्रेट कोरडा राहतो’ असा सल्ला कुणी दिला तर तो कानाआड करावा.

क्रेटमध्ये पिल्लाला घालायचं कसं? ‘घालायचं’ इथेच गडबड होते. इथे पावलोव्हची आठवण काढावी लागते, पण त्या प्रसिद्ध लाळेच्या प्रयोगाची नव्हे. १९१७ च्या सुमाराला, रशियात क्रांती धुमसत असताना, पावलोव्ह आणि त्यांचे सहकारी गुबेरग्रिट्स यांच्यापुढे एक अडेल कुत्रा होता. एरवी गरीब, माणसाळलेला. पण प्रयोगाच्या मंचावर पट्ट्यांत अडकवला की धडपड सुरू व्हायची, लाळ थांबायची नाही. पावलोव्हनी याला ‘स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हटलं. उपाय मात्र अगदी साधा केला. त्याचं सगळं खाणं त्या मंचावरच द्यायला सुरुवात केली. आधी तो फारसं खाईना, वजनही घटलं. मग हळूहळू खाऊ लागला आणि धडपड ओसरली.

दीड किलोच्या पिल्लाला उपाशी ठेवण्याचा प्रश्नच नाही, हे वर आलंच. तत्त्व मात्र तेच आणि ते सौम्यपणे वापरता येतं. पहिल्या दिवशी दार उघडं, बांधून ठेवलेलं. जाळीचं दार हलून पाठीवर आपटलं तर पिल्लू ते विसरत नाही. वाटी आधी दारात, पुढच्या खेपेला थोडी आत, मग अगदी मागच्या टोकाला. पुढचे दोन पाय आत आणि मागचे बाहेर अशा अवस्थेत ते मान लांब करून खातं, अंग मागे ओढून. त्या वेळी मागून ढकलायचं नाही. शेपूट खालून वर आली, मागचे पाय आपणहून आत गेले, की दार क्षणभर लोटायचं आणि खाणं संपायच्या आत उघडायचं. क्षणाचं मिनिट, मिनिटाची पाच मिनिटं. पिल्लू बाहेर येण्यासाठी धडपडायच्या आधीच ते बाहेर यायला हवं. घाईच्या घरात नेमकं हेच जमत नाही.

मग रात्र होते आणि रडणं सुरू होतं. ‘रडू द्या, आपोआप गप्प होईल’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. जाक पांक्सेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं, की आईभावंडांपासून तुटलेल्या पिल्लाचं रडणं मॉर्फिनच्या अगदी अल्प मात्रेने शमतं, गुंगी येणार नाही इतक्या अल्प. म्हणजे विरहाचं दुःख मेंदूत वेदनेच्याच रसायनांशी जोडलेलं आहे. ती नाटकं नव्हेत. त्याआधी १९६१ मध्ये एलियट आणि स्कॉट यांना आढळलं होतं, की एकटं पडलेलं पिल्लू ओळखीच्या जागेपेक्षा अनोळखी जागेत कितीतरी जास्त रडतं आणि हे रडणं सहा-सात आठवड्यांच्या वयात टोकाला पोचतं. आपल्या घरी ते येतं तेव्हा हे टोक नुकतंच ओलांडलेलं असतं. घर नवं, क्रेट नवा, माणसं नवी.

म्हणून क्रेट हॉलमध्ये किंवा बाल्कनीत नको. पलंगाशेजारी ठेवा, जाळीतून बोटं हुंगता येतील इतका जवळ. आठवड्याभराने हळूहळू लांब सरकवता येतो. रात्री कुरकुर झाली तर दिवा न लावता, लाड न करता, उचलून सू-शीच्या ट्रेवर न्यायचं. झालं की ‘शाब्बास’ आणि परत आत. नाही झालं तरी परत आत. एक दिवस अर्धा तास रडवून मग बाहेर काढायचं आणि दुसऱ्या दिवशी लगेच, हे सगळ्यात वाईट. अधूनमधून फळ मिळणारी सवय कायम फळ मिळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या काळापासून माहीत आहे.

दिवसा मात्र नजर ठेवायची ती घड्याळावर. उठल्याबरोबर, खेळता खेळता अचानक थबकलं की, आणि खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलू लागतं. नाक जमिनीला लावून गोल फिरणं ही शेवटची सूचना. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या विषाणूच्या भीतीने पिल्लाला खाली नेता येत नाही, म्हणून बाल्कनीत ट्रे किंवा वर्तमानपत्र. चुकून भलतीकडे झालंच तर ओरडण्यात, नाक घासण्यात अर्थ नाही. फिनेलवरही भिस्त नको. त्याच्या उग्र वासाने आपलं नाक फसतं, कुत्र्याचं नाही. डाग विकरांच्या क्लीनरने पुसलेला बरा.

लहान जाती ‘शिकत नाहीत’ अशी त्यांची बदनामी आहे. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या क्रिस्टीन अरहांट आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या मालकांची पाहणी केली, तेव्हा दिसलं की लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात जास्त धरसोड करतात आणि कुत्र्याला शिकवण्यात कमी वेळ घालवतात. आश्चर्य नाही. ग्रेट डेनने हॉलमध्ये केलं तर घर हलतं. पॉमने टीपॉयखाली केलं तर कुणीतरी जुनं फडकं फिरवतं आणि मालिका पुढे चालू राहते. बाबा दारात नेतात, दादा विसरतो, आजी म्हणतात, ‘असू दे गं, लहान आहे ते.’ पिल्लू या सगळ्यांची सरासरी काढतं आणि तेवढंच शिकतं.

क्रेटमध्ये गेलेला वेळ वायाही जात नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१७ मध्ये कुत्र्यांच्या मेंदूचे झोपेतले आलेख काढले. काही नवं शिकल्यावर झोपेतल्या लहरी बदलतात आणि शिकलेलं पक्कं होण्याशी त्यांचा संबंध दिसतो. खेळ, शिकवणी, ट्रे आणि मग क्रेटमध्ये डुलकी, हा क्रम म्हणूनच चांगला. फक्त आपल्या हवेचं भान हवं. शित्झू आणि पग चपट्या नाकाचे. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, धापा टाकूनच तो गार होतो आणि यांची धापच अपुरी. मे महिन्यात क्रेटवर चादर टाकून ‘गुहा’ करायचं अमेरिकी व्हिडिओतलं खूळ नागपुरात तर नकोच, पुण्यातही नको. गळ्यातला पट्टा आत जाताना काढायचा, जाळीत अडकतो.

सकाळी नऊला कुलूप लागतं आणि संध्याकाळी सहाला उघडतं, अशा घरात तीन महिन्यांच्या पिल्लासाठी क्रेट हे उत्तर नाही. तिथे घेर घातलेली मोठी जागा लागते, एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला ट्रे, शिवाय दुपारी खाणं द्यायला, ट्रे बदलायला कुणीतरी. क्रेटची किंमत विचारण्याआधी दुपारी एक वाजता किल्ली घेऊन येईल असं माणूस मिळतंय का, ते बघावं.