दोन हॅचबॅक आणि ताम्हिणीचा दिवस

पहाटे 5.30. टायरची हवा गाडी हलवण्याआधी बघायची. चार किलोमीटर फिरून पंपावर गेलं की टायर तापलेले असतात आणि आकडा फसवतो. पार्किंगमध्ये चाचणीसाठी आणलेल्या दोन गाड्या उभ्या आहेत : टाटा अल्ट्रोझ रेसर आणि ह्युंदाई आय20 एन लाइन. पहिली इथलीच, पुण्याची. दुसरी चेन्नईजवळच्या श्रीपेरंबुदूरची. रेसरच्या बॉनेटवरचे पांढरे पट्टे बघून वॉचमनकाका विचारतात, "साहेब, ही शर्यतीत पळवायची का?" तसं काही नाही. दोन्ही घरगुती हॅचबॅकच आहेत, जरा तिखट केलेल्या.

6.15. पेट्रोल पंप. टाकी फुल, पण पहिल्या कट-ऑफलाच थांबायचं. "राउंड फिगर करू का साहेब?" "नको दादा, संध्याकाळी परत येतोय, तेव्हाही इथेच थांबव." एवरेजचा हिशेब याच शिस्तीवर उभा असतो.

7.00. चांदणी चौक ओलांडून पौड रस्ता. रेसर माझ्याकडे, आय20 छायाचित्रकाराकडे. कागदावर दोघी सख्ख्या बहिणी. रेसरचं इंजिन 1199 सीसी, आय20चं 998. दोन्हीला तीन सिलिंडर आणि टर्बो, ताकद दोन्हींची 120 पीएस. टॉर्क 170 आणि 172 न्यूटन मीटर. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत ठेवलं की कर कमी बसतो, म्हणून सगळे कारखाने याच चौकटीत येऊन बसतात. माहितीपत्रक वाचून निवड करायला निघालेल्याच्या हाती त्यामुळे फारसं काही लागत नाही.

8.30. मुळशीचं पाणी डावी-उजवीकडे डोकावतं आणि ताम्हिणी घाटाची वळणं सुरू होतात. खरं काम आता. रेसरचा पूर्ण टॉर्क 1750 फेऱ्यांपासून, आय20चा 1500 पासून. हे अडीचशेचं अंतर वाचताना किरकोळ वाटतं. पण चढाच्या वळणातून तिसऱ्या गिअरवर बाहेर पडताना रेसर क्षणभर विचार करते आणि मग एकदम उचलते; तिला आधीच दुसऱ्यावर आणून ठेवावं लागतं. आय20 त्याच वळणातून कुरकुर न करता निघते. उतारावर आय20च्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, रेसरला मागे ड्रम. रोजच्या वापरात ड्रमने काही बिघडत नाही, मात्र एकामागून एक वळणांवर ब्रेक दाबत उतरताना आय20चा पेडल जास्त भरवशाचा वाटतो.

मग रस्ता उखडलेला लागतो आणि पारडं फिरतं. आय20चं सस्पेन्शन कडक, खड्डा थेट पाठीपर्यंत पोचतो. रेसर तोच खड्डा गिळते, आणि वळणात अंगही फार टाकत नाही. आपल्याकडचे रस्ते बघता हा गुण मी ब्रेकच्या बरोबरीने मोजतो. मजा म्हणजे गुळगुळीत रस्त्यावरचा वेग, ही समजूत मला कधी पटली नाही.

11.00. फोटो. गाड्या पुसा, वळवा, पुन्हा पुसा. एवढंच.

1.00. पौडला जेवण. शेजारच्या टेबलावरचा तरुण येतो. "दादा, किती देते?" त्याचे वडील मात्र थेट गाडीजवळ. रेसरच्या मागच्या दाराची मूठ काचेशेजारच्या काळ्या पट्टीत लपलेली, ती त्यांना सापडत नाही. दाखवल्यावर दार पूर्ण काटकोनात उघडतं, काका खूश. पण मांडी घालून ऐसपैस बसायला त्यांना आय20 आवडते. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2580 मिलिमीटर, रेसरचं 2501. सामानाला रेसर मोठी, 345 लिटर. आय20 मध्ये 311. "आणि ठोकली तर?" काका विचारतात. धडक-चाचणीत ग्लोबल एनकॅपने 2020 मध्ये अल्ट्रोझला प्रौढांसाठी पाच तारे दिले, 2022 मध्ये आय20ला तीन. तपासलेल्या गाड्या दोन एअरबॅगवाल्या होत्या, या दोन्हींत सहा आहेत. तरी सांगाडा एअरबॅगने बदलत नाही. मुलगा गप्प होतो, वडील मान हलवतात.

5.45. परतीची गर्दी. रेसरला फक्त सहा गिअरचं मॅन्युअल, आणि कोथरूडपर्यंत डावा पाय क्लचवरून उठत नाही. आय20 सात गिअरच्या डीसीटीत, म्हणजे दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये मिळते, म्हणून या क्षणी मी छायाचित्रकाराचा हेवा करतोय. फक्त तिचा दुहेरी क्लच कोरडा असतो. पुढच्याच्या बंपरला चिकटून इंच-इंच सरकत राहिलं की तो तापतो. थोडी जागा होऊ द्यावी, मग पुढे घ्यावी.

9.00. टाकी भरून झाली, आता लेख. बाजारात येताना रेसरच्या किमती 9.49 ते 10.99 लाख होत्या (जून 2024), नव्या रूपातली आय20 एन लाइन 9.99 लाखांपासून (सप्टेंबर 2023), आणि डीसीटीचा वरचा प्रकार 12 लाखांच्या पुढे. माझा कौल : रोज शहराच्या गर्दीत दोन तास जाणार असतील तर डीसीटीची आय20 घ्या. घरची माणसं, गावचा रस्ता आणि स्वतः गिअर टाकायची हौस असेल तर रेसर, आणि वाचलेल्या पैशांत चांगले टायर. शोरूमवाला सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणेल. तुम्ही मात्र गाडी तुमच्या ऑफिसच्या वाटेवर, ऑफिसच्या वेळेला मागा.