आवरणापुरती उष्णता

नागपूरच्या पश्चिमेस हिंगणा व दक्षिणेस बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींत जी नानाविध यंत्रे चालतात, त्यांत माल पारदर्शक फिल्ममध्ये गुंडाळून ती फिल्म उष्णतेने आवळून बसविणारे श्रिंक रॅपिंग यंत्र दर्शनी अगदी सामान्य वाटते. एक मेज, एक चौकट आणि तिच्यापुढे एक लोखंडी पेटी, एवढाच त्याचा संसार. परंतु दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या हवेतून माल न्यावा, त्यावरच्या आवरणाने ती उष्णता पुरेपूर घ्यावी आणि आतल्या वस्तूस मात्र तिची झळही लागू नये, हे जे दुर्घट काम हे यंत्र दिवसभर बिनबोभाट करीत असते, ते पाहिल्यावर त्याच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

यंत्रापूर्वी फिल्मचा विचार करणे भाग आहे. कारण आकुंचन पावण्याचे सामर्थ्य यंत्रात नसून ते फिल्मच्या अंगी तिच्या जन्माच्या वेळीच साठवून ठेवलेले असते. २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडमधील नॉर्थविच येथे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांना एथिलीन वायूवर प्रचंड दाबाखाली चाललेल्या प्रयोगाच्या अखेरीस पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ आढळला, तोच पॉलिथिन. आज बाटल्यांच्या गठ्ठ्यांवर चढणारी जाड फिल्म त्याची, आणि डब्यांवर किंवा फळांवर चढणारी पातळ, चकचकीत पॉलिओलेफिन फिल्म त्याच कुळातली. या द्रव्याच्या रेणूंच्या साखळ्या मुळात एकमेकींत गुंतलेल्या असतात. पिंजलेल्या कापसाचा पेळू ओढताना त्यातले तंतू जसे एका दिशेने सरळ होत जातात, तशा त्या साखळ्या, तापवून मऊ केलेली नळीसारखी फिल्म आत हवा भरून फुगवली आणि उभी-आडवी ताणली, म्हणजे सरळ होतात, आणि त्याच ताणलेल्या अवस्थेत ती झटकन थंड केली की तशाच जखडून राहतात. पुढे कधीही पुरेशी उष्णता मिळाली, की जखडलेल्या साखळ्या मोकळ्या होऊन मूळच्या गुंत्याकडे परत वळतात आणि फिल्म आखडते. यंत्राकडे काम उरते ते इतकेच, की ही साठवलेली ओढ नेमक्या क्षणी, नेमक्या जागी आणि चहूबाजूंनी सारखी मोकळी करावी.

पातळ फिल्मची जाडी बहुधा १२ ते २५ मायक्रॉन असते. पूर्वी पीव्हीसीची फिल्म सर्रास वापरीत, ती स्वस्त असे आणि कमी उष्णतेतही आवळत असे. परंतु सील करताना तिचा जळका धूर निघतो, त्यातील हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ यंत्राचे पत्रे आणि तारा खाऊन टाकते व कामगाराच्या डोळ्यांना चुरचुर लावते. तिची जागा पॉलिओलेफिनने घेतली, हे आमच्या मते निखालस इष्ट झाले. नागपुरात फिल्मच्या बाबतीत आणखी एक तजवीज करावी लागते. मे महिन्यात येथील पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छपराखालील वखारीत त्याहूनही अधिक उष्मा साचतो. अशा ठिकाणी रोल महिनोन्महिने पडून राहिले, तर यंत्रावर चढण्यापूर्वीच त्यांच्या कडा किंचित आखडतात आणि मग फिल्म सरळ न उलगडता लाटा घेत येते. म्हणून जाणता कारखानदार रोल उन्हापासून दूर, हवेशीर जागी ठेवतो आणि आधी आलेला रोल आधी वापरतो.

आता यंत्राकडे वळू. सर्वांत प्रचलित प्रकारात फिल्म मधोमध दुमडलेली येते. रोल दोन फिरत्या दांड्यांवर निजलेला असतो. तेथून निघालेली फिल्म सुयांच्या एका लहान चाकाखालून जाते आणि तीवर बारीक छिद्रे पडतात. ही छिद्रे नसतील तर आतली हवा कोंडते, बोगद्यात ती प्रसरण पावते, आणि आवरण मालाला बिलगण्याऐवजी फुग्यासारखे तट्ट होते. त्यानंतर एका त्रिकोणी पट्टीवरून फिल्मची घडी उलटून तिचे दोन पदर वेगळे होतात, आणि त्या दोन पदरांच्या मध्ये माल सरकवला जातो.

मग येते ती काटकोनात वाकवलेली सीलिंगची चौकट, आणि हीच या यंत्राची खरी पारखण्याजोगी जागा. चौकटीच्या दोन भुजांवर तापणारी तार किंवा पाते असते, खाली सिलिकॉन रबराची गादी, गादीवर टेफ्लॉनची पट्टी. कामगार चौकट खाली दाबतो, विद्युतचुंबक तिला धरून ठेवतात, वेळ मोजणारे उपकरण ठरलेला अवकाश मोजते, तेवढ्या क्षणात तार दोन्ही पदर वितळवून एकमेकांत जोडते आणि त्याच रेषेवर कापतेही. चुंबक सुटतात, चौकट आपोआप वर येते, आणि माल तीन बाजूंनी बंद झालेल्या, चौथ्या बाजूस घडी असलेल्या सैल पिशवीत बसलेला दिसतो. जोडणे आणि तोडणे ही परस्परविरुद्ध कामे एकाच तारेने एकाच क्षणी करावयाची असल्यामुळे तिच्या उष्णतेचा मामला फार नाजूक असतो. उष्णता कमी पडली तर फिल्म कापली न जाता चिकटून राहते. अधिक झाली तर ती कापली जाते, पण जोड कच्चा राहतो आणि पुढे बोगद्यात आकुंचनाच्या ओढीने उसवतो. टेफ्लॉनची पट्टी जळून काळी पडली असेल, तर तारेचे तापमान कितीही अचूक असो, जोड सरळ येत नाही. यंत्र बिघडले म्हणून कारागिरास निरोप धाडण्यापूर्वी ही पट्टी बोटाने चाचपून पाहावी, असे आम्ही आवर्जून सांगू.

तेथून माल बोगद्यात शिरतो. याला कारखान्यात सर्वजण टनेल म्हणतात. आत विद्युत हीटर आणि हवा खेळविणारा ब्लोअर असतो; हवा हीटरवरून जाते, दोन्ही बाजूंच्या व खालच्या झडपांतून मालावर येते आणि पुन्हा हीटरकडे वळते. दोन्ही तोंडांशी सिलिकॉनचे पडदे लोंबतात, ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. खालचा पट्टा कधी जाळीचा, कधी सिलिकॉनच्या नळ्या चढविलेल्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या रोलरांचा असतो. अशा रोलरांवर माल कोठेच एका जागी टेकून राहत नाही, म्हणून बुडाकडील फिल्मही सारखी आवळते. आत बसवलेले थर्मोकपल तापमान टिपून नियंत्रकास कळविते आणि नियंत्रक हीटरचा प्रवाह वाढवितो किंवा तोडतो. पट्ट्याचा वेग निराळ्या नियंत्रकावर असतो. तापमान, हवेचा झोत आणि वेग या तिन्हींची सांगड म्हणजेच या यंत्राची विद्या होय. काही मायक्रॉन जाडीच्या फिल्मचे वजन इतके अल्प असते, की काही सेकंदांची उष्ण हवा तिला पुरते. उलट आतल्या पदार्थास, विशेषतः पाण्याने भरलेल्या फळास, तापण्यासाठी कितीतरी अधिक उष्णता लागते आणि ती मिळण्यापूर्वीच तो बाहेर पडतो. झोत एकांगी असेल तर कोपऱ्यांना कान राहतात. वेग मंद असेल तर फिल्मला भोके पडतात. काम संपल्यावर हीटर बंद करून ब्लोअर व पट्टा बोगदा निवेपर्यंत चालू ठेवावा लागतो, अन्यथा साचलेल्या उष्णतेने मोटारीच्या बेअरिंगची व पट्ट्याची हानी होते.

पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे बांधणारे यंत्र याचेच थोरले भावंड. त्यात वरून-खालून आलेल्या दोन रोलांच्या जाड फिल्मचा पट्टा बाटल्यांभोवती फिरतो, बाजू उघड्याच राहतात, आणि आवळल्यावर तेथे लांबट गोल तोंड उरते, तेथेच हात घालून गठ्ठा उचलतात.

नागपूरकराच्या दृष्टीने मात्र या यंत्राचा सर्वांत जिव्हाळ्याचा उपयोग संत्र्याशी निगडित आहे. झाडावरून तोडलेल्या संत्र्याचा पाणीपुरवठा त्याच क्षणी खुंटतो, परंतु सालीतून पाणी उडणे चालूच राहते. साल सुरकुतते, चकाकी जाते, वजन घटते आणि कळमन्याच्या बाजारात भाव पडतो. इस्रायलमधील व्होल्कनी संस्थेत शिमशोन बेन-येहोशुआ यांनी १९७० नंतरच्या दशकात लिंबूवर्गीय फळे एकेक करून फिल्ममध्ये आवळण्याचे प्रयोग केले आणि मेणाच्या लेपापेक्षा या आवरणाने पाण्याचा ऱ्हास फार कमी होतो असे दाखविले. येथे अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत मिलिंद लदानिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपुरी संत्र्यावरही आकुंचनशील फिल्म आजमावली. या उपायाचे मर्म असे, की फिल्म पाण्याची वाफ अडविते, परंतु प्राणवायू आणि कर्बवायू यांना बऱ्याच अंशी ये-जा करू देते. फळाभोवती दमट हवेचा एक पातळ थर तयार होतो, आणि फळाचे श्वसन मात्र कोंडत नाही. अतिरेकी बंद आवरणात तेच फळ आतून आंबू लागून त्याला मद्यासारखा वास येतो. शिवाय एक फळ हिरव्या बुरशीने सडले तरी त्याची लागण शेजारच्या फळांना सहजासहजी पोहोचत नाही. तथापि आवरणाच्या आतला तोच दमटपणा बुरशीलाही मानवतो. म्हणून फळ धुऊन, बुरशीनाशकाची प्रक्रिया करून व पूर्ण कोरडे करूनच फिल्ममध्ये घातले पाहिजे. नागपुरी संत्र्याची साल सैल, फोडींपासून सुटी, यामुळे हाताळणीत ती लवकर चेपते, आणि चेपलेले फळ कितीही सुबक आवळले तरी आत सडतेच.

फिल्मच्या बाबतीत कायद्याचा अंमलही ध्यानात घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती केली, आणि १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या डब्यांवर, निमंत्रणपत्रिकांवर व सिगारेटच्या पाकिटांवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म मना झाली. संत्रा बर्फीच्या डब्यावरील चकचकीत आवरण या हुकमाच्या कक्षेत येते. आम्हास हा निर्णय योग्य वाटतो. पुठ्ठ्याच्या डब्यातील बर्फी एका-दोन दिवसांत खाल्ली जाते, तिच्यासाठी वर्षानुवर्षे न कुजणारे आवरण खर्ची घालण्याचे प्रयोजन नाही. संत्र्याचा न्याय निराळा आहे, कारण तेथे आवरणामुळे प्रत्यक्ष फळ वाचते. पण ते वाचविण्यासाठी यंत्र शहरात असून भागत नाही. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात, बागेपासून काही कोसांच्या आत, धुणे, वाळविणे, प्रतवारी आणि आवळणे या क्रिया एका छपराखाली आणणाऱ्या पॅकहाऊसमध्येच ते असले पाहिजे, आणि तेथून फळ सहा ते सात अंशांच्या शीतगृहात गेले पाहिजे. आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराचे फेब्रुवारीनंतर उतरते, त्यामुळे मधले व उन्हाळ्या-पावसाळ्याचे महिने हे महागडे छप्पर रिकामे पडते. त्या काळात मोसंबी, डाळिंब यांसारखी इतर फळे तेथे आणून यंत्राचा खर्च वाटून घेण्याची व्यवस्था आधी करूनच यंत्राची मागणी नोंदवावी.