पिवळा दिवा आणि स्कॅनरची वर्दी

श्रोतेहो, आता खेडोपाडी मोटारी आल्या आहेत. कोणाची जीप, कोणाचा टेम्पो, तर कोणा गुरुजींची जुनी मोटार. एखाद्या सकाळी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. आपण गॅरेजमध्ये जातो. मिस्त्री स्कॅनर नावाची डबी जोडतो आणि सांगतो, "साहेब, अमुक पार्ट गेला." हे कितपत खरे मानावे? आज याचाच विचार करू.

हल्लीच्या इंजिनाचा कारभार एक लहानसा संगणक पाहतो. हवा किती आली, इंजिनातले पाणी किती तापले, धुराच्या नळीत प्राणवायू किती उरला, ही खबर त्याला ठिकठिकाणचे सेन्सर देतात. खबर विसंगत आली किंवा आलीच नाही, की तो एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो आणि दिवा लावतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या मोटारींत ती असतेच. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचे एक सॉकेट असते. स्कॅनर तिथे जोडला की नोंदलेला क्रमांक वाचता येतो.

आता माझीच फजिती सांगतो. माझी मोटार आठ दिवस गावी, धान्याच्या कोठीशेजारी उभी होती. परतताना दिवा लागला. स्कॅनरवर क्रमांक आला पी-०१३५. मिस्त्री म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर बदला." काही हजार रुपये मोजले आणि तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर!

मग एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी फ्यूज पाहिला, नंतर सेन्सरची तार बोटांनी चाचपत नेली. मध्येच ती उंदराने कुरतडलेली होती. तार जोडली, वर टेप गुंडाळली, काम झाले.

चूक स्कॅनरची नव्हती. हा सेन्सर चांगला तापल्याशिवाय नीट काम करीत नाही, म्हणून त्यात छोटा हीटर असतो. पी-०१३५ चा अर्थ एवढाच, की त्या हीटरच्या विजेच्या सर्किटमध्ये बिघाड आहे. त्या सर्किटमध्ये हीटर येतो, तशीच तार, फ्यूज आणि जोडणीही येते. कोतवालाने वर्दी आणली म्हणजे निवाडा झाला, असे आपण म्हणतो का? चौकशी करावीच लागते.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. क्रमांक पुसण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या, कारण त्यासोबतची बिघाडाच्या वेळची नोंदही पुसली जाते. पार्ट बदलण्याआधी फ्यूज, तार आणि जोडणी तपासायला सांगा. चालू आकडेही पाहा: रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनातल्या पाण्याचे तापमान सकाळी हवेइतकेच दिसायला हवे. ते ८० अंश दिसले, तर तो सेन्सर किंवा त्याची तार खोटे बोलते आहे. आणि दुरुस्तीनंतर चार दिवस गाडी चालवून मगच निश्चिंत व्हा.

एक इशाराही देतो. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येते. तो लुकलुकू लागला तर वेग कमी करून गाडी थांबवा. इंधन नीट न जळता धुराच्या नळीत जात असते आणि तिथला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. तेलाचा लाल दिवा लागला, तर मात्र तिथेच इंजिन बंद करा. तिथे स्कॅनरची वाट पाहू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही गोष्ट वर्गातही सांगण्याजोगी आहे. खूण दिसली म्हणजे कारण सापडले असे नव्हे. मधली वाट बोटांनी चाचपत जावे लागते. मी ती चाचपली नाही, म्हणून एका तारेपायी नवा सेन्सर विकत घेतला!