ऑक्सिडक म्हणजे ऑक्सिजन देणारा? नव्हे, इलेक्ट्रॉन घेणारा

धारूर तालुक्यातल्या तेलगावात गळीत हंगाम सुरू झाला की लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. गढूळ, काळपट रसाची पांढरी साखर व्हावी म्हणून आपल्याकडचे बहुतेक कारखाने गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. आणि गावच्या पाण्याच्या टाकीत पडते ती टीसीएल, म्हणजे पुस्तकातलं विरंजक चूर्ण. तिचे शिंतोडे सदऱ्यावर उडाले तर तिथला रंग कायमचा जातो. दोन्हीही रंग घालवतात, म्हणून दोन्ही ऑक्सिडक, असं दहावीची मुलंच काय, मोठी माणसंही म्हणून जातात. टीसीएलबाबत ते खरं आहे. गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, मात्र रसात बरोबर उलटं काम करतो. तो क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा आहे. क्षपणाने घालवलेला रंग हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुन्हा उमटू शकतो. अशी साखर साठवणीत हळूहळू पिवळसर पडते, त्याचं एक कारण हेच.

घोळाचं मूळ शब्दात आहे. ‘ऑक्सिडक’ म्हटलं की ऑक्सिजनच आठवतो. अठराव्या शतकात लाव्हाझिएने ज्वलनाचा उलगडा केला तेव्हा ऑक्सिजनशी संयोग म्हणजे ऑक्सिडीकरण, एवढाच अर्थ होता. १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि पुढे अर्थ रुंदावला. शब्द तोच राहिला. आज ऑक्सिडक म्हणजे समोरच्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन काढून घेणारा. तापलेल्या लोखंडावरून क्लोरीन वायू सोडला तर फेरिक क्लोराइड तयार होतं. त्यात ऑक्सिजनचा कणही नसतो, तरी लोखंडाच्या प्रत्येक अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. इथे ऑक्सिडक आहे क्लोरीन. उलट वाळूत आणि चुनखडीत ऑक्सिजन भरपूर, पण त्यांना कुणी ऑक्सिडक म्हणत नाही.

परीक्षेत गुण जातात ते दुसऱ्या एका समजामुळे: ऑक्सिडकाचं स्वतःचं ऑक्सिडीकरण होतं. होत नाही. तो इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून त्याचं क्षपण होतं. हे डोळ्यांनी पाहायचं तर विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट आठवा. पाणी आधी गुलाबी होतं, मग गुलाबी रंग विरतो आणि तपकिरी गाळ उरतो. पाण्यातल्या घाणीने इलेक्ट्रॉन दिले, परमँगनेटने ते घेतले आणि त्याचं मँगनीज डायऑक्साइड झालं. गुलाबी रंग गेला म्हणजे औषध खर्ची पडलं. पाणी गुलाबी झालं म्हणजे ते पिण्याजोगं झालं, हाही गैरसमजच. पटकीच्या जंतूंवर त्याचा परिणाम होतो, पण इतर जंतूंवर त्याची भिस्त ठेवता येत नाही.

ऑक्सिडक पेट घेतात असंही समजतात. सोरा घ्या. नुसता सोरा जळत नाही; तो कोळशाला आणि गंधकाला जाळतो. तेरखेड्याच्या फटाक्यांतली दारू हवा कोंडली तरी जळते, कारण तिला लागणारा ऑक्सिजन सोऱ्यातूनच मिळतो. अशा पदार्थांवर लावलेल्या पिवळ्या पाटीवर वर्तुळावरची ज्वाळा दिसते, तिचा अर्थ ‘हे जळतं’ असा नसून ‘हे इतरांना जाळतं’ असा आहे.

टीसीएलवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिच्याशी रोज गाठ पडते. पावडर पाण्यात पडली की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. ते जंतूंच्या पेशींतल्या पदार्थांकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि शेवटी त्याचं क्लोराइड होतं, जेवणातल्या मिठात असतं तेच. ‘जितकी जास्त पावडर तितकं शुद्ध पाणी’ हेही चूक. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. १,००० लिटर पाण्याला ती ५ ग्रॅम पुरते. ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. अर्ध्या तासाने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी घेतली की पिवळी छटा दिसली पाहिजे, म्हणजे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन प्रत्येक लिटरमागे शिल्लक आहे. छटा आली नाही, तर सगळा ऑक्सिडक घाणीतच खर्च झाला आणि नळापर्यंत काहीच पोचणार नाही. तोंड उघडं राहिलेल्या, ऊन खाल्लेल्या पोत्यातली पावडर दिसते तशीच पांढरी, पण तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. नुसत्या वजनावर विसंबू नका, ओटी चाचणी रोज घ्या.

संडास धुण्याचं ॲसिड टीसीएलमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. आणि पंपाच्या खोलीत टीसीएलच्या पोत्याला लागून डिझेलचा कॅन किंवा तेलकट चिंध्या असतील, तर त्या आजच तिथून हलवा.